सातपुड्यात एक दिवस: खान्देशात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारला बदलीवर आलेली मंडळी पहिल्या काही महिन्यांत हमखास विचारतात, रविवारी मुलांना घेऊन जायचं तरी कुठे? ऊन, केळी आणि कपाशी सोडून इथे काय आहे? पावसाळ्यानंतर एखाद्या स्वच्छ सकाळी यावल किंवा चोपड्याच्या रस्त्यावर उभं राहून उत्तरेला बघा. केळीच्या बागा संपतात तिथे निळसर डोंगरांची रांग सुरू होते आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे नजर पोहोचेल तिथवर जाते. तो सातपुडा. दक्षिणेला, चाळीसगावच्या बाजूला, सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे. मध्ये तापी. खान्देश या दोन रांगांच्या कुशीत वसलेला आहे आणि बहुतेक गावांहून सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल अशी जंगलाची जागा आहेच.

हा लेख लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असणाऱ्यांसाठी आहे. अस्तंब्याच्या शिखरावर चढणाऱ्या तरुणांना याचा फारसा उपयोग नाही.

आधी महिना बघा, मग जागा ठरवा

खान्देशात सहलीचं गणित ऋतूवर चालतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत खालच्या डोंगरात मुलांना नेण्यात काही अर्थ नाही. पानगळ झालेली असते, झऱ्यांना पाणी नसतं, दगड तापलेले असतात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर फक्त तोरणमाळ, कारण ते उंचावर आहे.

जून-जुलैत पहिल्या पावसाची घाई करू नका. जमीन मुरलेली नसते, घाटात दगड सुटतात, नाल्यांचा अंदाज येत नाही. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ माझ्या मते सर्वांत चांगला. धबधबे असतात, गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, सीताफळं येतात. डिसेंबर-जानेवारीत झरे बारीक होतात, पण हवा सुंदर असते आणि तो भरिताचा हंगाम असतो. त्याबद्दल पुढे सांगतोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, मोहाची फुलं पडायला लागतात आणि होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल आणि पावरी या वाद्याचा आवाज, चांदीचे दागिने घातलेल्या बाया, नवे कपडे घातलेली पोरं. पण हा डोंगरातल्या आदिवासींचा सण आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला कार्यक्रम नाही, हे मनात ठेवून जा.

एका दिवशी एकच जागा

नवे लोक नकाशा उघडतात, चार ठिकाणं जवळजवळ दिसतात आणि चारही एका दिवसात बसवतात. मग मुलं दिवसभर गाडीतच. सातपुड्याच्या पायथ्याने अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही गावं त्याच रस्त्यावर येतात. उत्तरेच्या बहुतेक जागांचे फाटे याच रस्त्यावरून आत वळतात. फाटा सोडला की वेग निम्म्यावर येतो. म्हणून एक मुख्य जागा ठरवा आणि जमलंच तर वाटेवरची एखादी छोटी जागा जोडा. त्याहून जास्त नको.

गावानुसार सोपी निवड अशी: नंदुरबार-शहाद्याकडच्यांनी तोरणमाळ, चोपडा-जळगावकडच्यांनी उनपदेव आणि मनुदेवी, भुसावळ-रावेरकडच्यांनी पाल, चाळीसगाव-पाचोऱ्याकडच्यांनी पाटणादेवी. धुळेकरांना पाटणादेवी आणि तोरणमाळ दोन्ही गाठता येतात, मात्र तोरणमाळसाठी पहाटेच निघावं लागतं.

पहिली सहल: उनपदेव

अगदी लहान मूल असेल तर सुरुवात इथूनच करा. चोपडा-यावल रस्त्यावर अडावद लागतं. तिथून उत्तरेला डोंगराच्या कुशीत थोडं आत गेलं की उनपदेव. इथे गरम पाण्याचा झरा आहे आणि दगडी गोमुखातून ते पाणी कुंडात पडतं. शरभंग ऋषींचा आश्रम इथे होता आणि वनवासात राम इथे आले, अशी कथा आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर पोहोचलात तर गोमुखाखाली वाफ दिसते. मुलांना आधी त्या वाफेतून हात फिरवू द्या, मग कुंडाच्या कडेला, पाणी थोडं निवलेलं असतं तिथे, पाय बुडवू द्या. धारेखाली थेट हात घालू देऊ नका, पाणी चांगलंच कढत असतं. जमिनीतून गरम पाणी येतं यावर पाच-सहा वर्षांच्या पोराचा विश्वासच बसत नाही. एवढं पाणी तापवतं कोण, हा प्रश्न परतीच्या वाटेवर नक्की येणार. उत्तर तयार ठेवा: जमिनीत खोल गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेने तापतं आणि खडकातल्या भेगांवाटे परत वर येतं. शहादा तालुक्यात दरा गावाजवळही उनपदेव नावाचाच गरम झरा आहे. रस्ता विचारताना अडावदचं की दऱ्याचं ते स्पष्ट सांगा, नाहीतर नकाशा भलतीकडेच नेईल.

उनपदेवाला दोन तास पुरतात. म्हणून त्याला मनुदेवी जोडता येते. यावल तालुक्यात आडगावच्या बाजूने आत गेलं की सातपुड्याच्या एका घळीत देवीचं मंदिर आहे आणि पावसाळ्यात मंदिराजवळच कड्यावरून धबधबा कोसळतो. खान्देशातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता, त्यामुळे नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. मुलं बरोबर असतील तर नवरात्र आणि श्रावणातले रविवार टाळा, साधा शनिवार धरा. धबधब्याखालचे दगड शेवाळाने निसरडे झालेले असतात. लांबून बघितला तरी तो तितकाच सुंदर दिसतो.

पाल: केळीच्या बागांतून वर

रावेर तालुक्यातलं पाल हे खालच्या केळीच्या पट्ट्यातून एकदम जंगलात नेणारं ठिकाण आहे. सावदा-रावेरच्या बाजूने निघालात की आधी दोन्हीकडे केळीच केळी. मग चढ लागतो आणि साग, सालई, अंजन, धावडा सुरू होतात. हे जंगल यावल अभयारण्याचं आहे. १९६९ साली ते जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर, आणि उत्तरेची हद्द मध्य प्रदेशाला भिडते. वाघ-बिबट्या दिसेल असं मुलांना सांगून नेऊ नका, ती दिवसभर तेच शोधत बसतील आणि हिरमुसतील. त्यापेक्षा त्यांना झाडं ओळखायला लावा. अंजनाचं पान सगळ्यात सोपं. दोन पानं देठाशी जोडलेली असतात, जणू पंख मिटायला निघालेलं फुलपाखरू. नवी पालवी तांबूस असते. गळलेली दोन-चार पानं वहीत दाबून ठेवली की घरी आल्यावरही त्यांची सहल चालू राहते. झाडावरची पानं मात्र तोडू नका.

सुकी नदीवरचं गारबर्डी धरण पालच्या वाटेवरचं मोठं आकर्षण. धरण भरून वाहायला लागलं की तिथे गर्दी होते आणि धोकाही तिथेच असतो. वर डोंगरात पाऊस पडत असतो आणि खाली आपल्याला ऊन दिसत असतं. नदीचं पाणी पाहता पाहता चढतं आणि मधल्या खडकावर बसलेली माणसं अडकून पडतात. नियम सोपा आहे: पावसाळ्यात नदीच्या पात्रात उतरायचं नाही, पलीकडे तर अजिबात जायचं नाही. पाणी गढूळ झालं, त्यात काड्या-पानं वाहून यायला लागली की डबे आवरून लगेच वर या.

पाटणादेवी: इतिहास आवडणाऱ्या घरांसाठी

एकच जागा निवडायची झाली तर मी पाटणादेवीच निवडेन. चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटर. हे गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतं, त्यामुळे वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून आत जावं लागतं. आत डोंगरी नदीच्या काठी, तिन्ही बाजूंनी कडे असलेल्या खोऱ्यात चंडिका देवीचं जुनं दगडी मंदिर आहे. आधी मंदिराला बाहेरून पूर्ण फेरी मारा. भिंतींना किती कोपरे आहेत ते मुलांना मोजायला सांगा. दरवेळी वेगळा आकडा येतो आणि मुलं पुन्हा फेरी मारायला निघतात.

या खोऱ्याचं नाव गणिती भास्कराचार्यांशी जोडलेलं आहे. इथे १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी असलेले चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथे मठ काढला, असं तो शिलालेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. मुलांना हे असंच सांगा: आजोबांची पुस्तकं लोकांनी शिकावीत म्हणून एका नातवाने या जंगलात शाळा काढली. आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना लगेच आपली वाटते.

मंदिरापासून पुढे पायवाटा फुटतात. हेमाडपंती महादेव मंदिर जवळ आहे, सगळ्यांना जमेल. केदारकुंड आणि धवलतीर्थ धबधब्याची वाट दगडगोट्यांची आहे. आठ-दहा वर्षांची मुलं मजेत जातात, गुडघेदुखी असलेल्यांनी मंदिराच्या सावलीतच बसावं. पितळखोऱ्याची लेणी याच रांगेत वर आहेत. पाटण्याकडून चढणारी वाट लहान मुलांची नाही. लेणी बघायची असतील तर वेगळा दिवस काढून कन्नडच्या बाजूने गाडीने वर जा आणि पायऱ्यांनी खाली उतरा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही बौद्ध लेणी आहेत आणि एका लेण्याच्या पायथ्याला ओळीने कोरलेले हत्ती आहेत. इथली एक यक्षमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कान्हदास, आणि तो सोनार होता.

कडेकपारीत आग्या मोहोळं असतात, पाटण्यालाही आणि पितळखोऱ्यालाही. तिथे धूर, फटाके, आरडाओरडा, अंगावर उग्र अत्तर, यातलं काहीच नको. माकडांसमोर पिशव्या उघडू नका.

तोरणमाळ: दिवस पूर्ण द्यावा लागतो

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर तोरणमाळचं पठार आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत वर जायचं. राणीपूरनंतर घाट सुरू होतो आणि सातपायरीची वळणं लागतात. इथे पोटात ढवळायला लागतं. जी मुलं गाडीत उलटी करतात त्यांना पुढच्या सीटवर बसवा, काच खाली करा, मोबाइल हातात देऊ नका. निघताना पोट गच्च भरलेलं नको आणि अगदी रिकामंही नको. एखादं केळं पुरतं. आवळा सुपारी किंवा लिंबाची फोड चघळायला द्या. चढताना दोनदा तरी, जिथे रस्ता रुंद आहे तिथे, गाडी बाजूला घेऊन सगळ्यांना उतरवा. दरीही बघून होते आणि पोटही शांत होतं.

वर यशवंत तलाव आहे. काठाने चालायला सपाट रस्ता असल्यामुळे आजी-आजोबांसाठी हीच सगळ्यात चांगली जागा. गोरक्षनाथाचं मंदिर आणि मच्छिंद्रनाथाची गुहा इथे आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. सीताखाईला पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे धबधबा असतो. कड्याजवळ लहान मुलाचा हात सुटता कामा नये. पावसाळ्यात तिथे ढग उतरतो आणि दहा पावलांवरचं दिसत नाही. असं झालं तर घाई न करता थांबा, ढग सरकतोच.

दुपारी तीनच्या पुढे वर थांबू नका. घाट उजेडात उतरायचा, हे पक्कं. एसटी शहाद्याहून जाते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. उतरल्या उतरल्या वाहकाला विचारा, "दादा, परतीची शेवटची गाडी कधी?" आणि ती चुकवू नका. राहायची सोय तोरणमाळला आहे, पण आधी ठरवून जा. हिवाळ्यात मुक्काम करणार असाल तर स्वेटर, कानटोप्या घ्या. खाली जळगावात रात्री चादर पुरते, वर पांघरुणं कमी पडतात.

जवळच्या छोट्या जागा

अर्धाच दिवस असेल तर एरंडोलजवळचं पद्मालय घ्या. टेकडीवर झाडीत गणपतीचं मंदिर आहे. गाभाऱ्यात दोन मूर्ती, एकाची सोंड डावी, एकाची उजवी. समोरच्या तलावात कमळं असतात. एरंडोलला पांडववाडा आहे आणि भीम-बकासुराची गोष्ट इथलीच, असं लोक सांगतात. गोष्ट सांगत सांगत गेलात तर मुलं रस्त्यात कंटाळत नाहीत.

धुळ्याला असाल तर लळिंग. मुंबई-आग्रा रस्त्यालगत किल्ला आणि त्याच्या पायथ्याला कुरण. पावसाळ्यात कुरणातला धबधबा बघायला धुळेकर येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला आले होते तेव्हा लळिंगच्या बंगल्यात उतरले होते. तोही पाहून घ्या.

साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. तिथे सहल म्हणून जाण्यापेक्षा शिकायला जा. गावकऱ्यांनी चारशेहून अधिक हेक्टर उजाड जंगल राखून पुन्हा उभं केलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. पावसाळ्यात तिथे वनभाजी स्पर्धा होते आणि कितीतरी रानभाज्या एकाच ठिकाणी शिजवलेल्या मिळतात. तारीख विचारून, गावाला कळवूनच जा.

डबा, पाणी आणि पैसे

डोंगरात हॉटेल शोधत बसू नका. खान्देशी बायकांनी प्रवासासाठी फार पूर्वीच उत्तर शोधून ठेवलंय: दशम्या. दुधात मळलेल्या ज्वारीच्या पिठाच्या या भाकऱ्या मऊ राहतात, दिवसभर टिकतात. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा. लहानांसाठी गूळ-तूप वेगळ्या डबीत. नव्या मंडळींना जमत नसेल तर शेजारच्या काकूंना विचारा. आनंदाने शिकवतील, नाहीतर स्वतःच करून देतील.

हिवाळ्यात परतीच्या वाटेवर भरीत नक्की खा. यावल-जळगावच्या पट्ट्यात हिरवी, मोठी भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, मग बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, घालून लाकडाने ठेचतात. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुरी. भाजताना येणाऱ्या धुराचा वास भरताला शेवटपर्यंत राहतो आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो येत नाही. शेवभाजी ढाब्यावर सगळीकडे मिळते, पण ती झणझणीत असते. मुलांसाठी ऑर्डर देतानाच साधं वरण वेगळं सांगा.

पाणी माणशी दोन लिटर धरा, उन्हाच्या दिवसांत जास्त. झऱ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी मुलांना पाजू नका. पेट्रोल शहादा, चोपडा, रावेर, चाळीसगाव अशा मोठ्या गावातच भरून घ्या. फाटा सोडला की मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवा आणि सुटे पैसे बरोबर घ्या. रेंज नसली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. रस्त्याच्या कडेला सीताफळं, आवळे, चारोळी घेऊन बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. ते फळ वेचायला ती पहाटे डोंगरात गेलेली असते.

लागतील अशा आणखी काही वस्तू: बॅटरी, मुलांचा एक जास्तीचा कपड्यांचा जोड, जुने वर्तमानपत्र, उलटीसाठी पिशव्या, बँडेज आणि सापाच्या भीतीपोटी का होईना, सगळ्यांच्या पायात बूट. चपला घालून गवतात जाऊ नका. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं असलं काही करू नका. पाय हलवू न देता सरळ जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

डोंगरातल्या लोकांशी

सातपुड्यात पावरा, भिल, तडवी, बारेला लोक राहतात. हे त्यांचं घर आहे, आपण त्यांच्या अंगणातून चाललोय. रस्ता विचारताना "भाऊ", "दादा", "मावशी" म्हणा, गाडी थांबवून, काच खाली करून विचारा. फोटो काढायचा असेल तर आधी परवानगी घ्या. कोणी नको म्हटलं तर मोबाइल खिशात. पाड्यावरच्या पोरांना चॉकलेटं वाटत सुटू नका, आपल्याच मुलांना त्यांच्याबरोबर थोडा वेळ खेळू द्या. गाडीतल्या स्पीकरचा आवाज जंगलात बंद ठेवा. आणलेला प्रत्येक प्लास्टिकचा कागद परत न्या. गुरं तो खातात आणि मरतात.

दिवसाचं वेळापत्रक सगळीकडे साधारण एकच ठेवा. सकाळी सहाला घर सोडा, नऊच्या आत जागेवर पोहोचा, बारापर्यंत चालणं-फिरणं उरका, मग सावलीत जेवण आणि आजी-आजोबांना आडवं व्हायला चटई. अडीच-तीनला गाडी परतीला लावा. अंधार पडायच्या आत अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता लागला पाहिजे. त्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रीही चालू असतात आणि अनेकांना मागे दिवा नसतो. उशीर झालाच तर वेग कमी ठेवा आणि शहादा, चोपडा किंवा यावलला थांबून मुलांना खाऊ घाला, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत ती झोपलेली असतील.